दस्ता, दुर्बीण आणि कलम १३ : ठासणीच्या बंदुकीला हसण्यापूर्वी

१/२४
लिव्हर-ॲक्शन रायफलीचे वेड सध्या मराठी तरुणांच्या पडद्यावर जोरात आहे. नवी रायफल घेतली की तिला कोणती दुर्बीण बसवावी, दस्ता लाकडी ठेवावा की कृत्रिम, तरफेचा कडा मोठा करावा का, पट्टा कुठे अडकवावा, यावर तासन्‌तास चर्चा रंगते. त्या चर्चेच्या शेपटाला हमखास एक वाक्य येते : तिकडे विन्चेस्टर, आणि आमच्या कोकणात अजून ठासणीची बंदूक! या वाक्यातला उपहास इतिहासाच्या अज्ञानातून आलेला आहे. प्रस्तुत धागा त्याच्या खंडनासाठी आहे.

२/२४
प्रथम रायफल समजून घ्यावी. लिव्हर-ॲक्शनमध्ये चापाभोवतालचा कडा हीच तरफ असते. ती खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि घोडा चढतो; वर दाबली की नवे काडतूस नळीत सरकते. १८६० ची हेन्री, १८६६ व १८७३ ची विन्चेस्टर, आणि जॉन ब्राउनिंगने रचलेली १८९४ ची विन्चेस्टर ही या घराण्याची मुख्य पिढी. या शेवटच्या नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. म्हणजे ती सरदार-दरकदारांची मिरासदारी नव्हती. सामान्य गिऱ्हाईक दुकानात जाऊन ती विकत घेत होते.

३/२४
तिच्या प्रत्येक साजामागे कारण आहे. बहुतेक नमुन्यांत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक राहतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते, म्हणून टोकदार गोळी धोक्याची आणि चपट्या नाकाची सुरक्षित. जुनी विन्चेस्टर रिकामे काडतूस वरच्या बाजूने फेकते, म्हणून तिच्या माथ्यावर दुर्बीण नीट बसत नसे. मार्लिन ते कडेने फेकते, म्हणून तिला दुर्बीण सोयीची. विन्चेस्टरने काडतूस तिरपे फेकणारी रचना आणली ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. दुर्बीण नको असेल तर डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती बसवता येते. दाट झाडीत तीच बरी.

४/२४
हे सारे रंजक आहे, आणि त्यात रस घेणे गैर नाही. परंतु या चर्चेत एक गृहीतक न बोलता शिरते : साज निवडणारा माणूस मोकळा आहे. त्याला हवे ते तो घेतो, नको ते टाकतो, आणि त्याची बंदूक त्याच्या बुद्धीची साक्ष ठरते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गोऱ्या वसाहतकऱ्याविषयी हे बहुतांशी खरेही होते. ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ हे बिरुद मात्र इतिहासकारांनी दिलेले नव्हे. ते विसाव्या शतकात कंपनीने विक्रीसाठी रूढ केलेले घोषवाक्य आहे. जाहिरातीचा गज घेऊन कोकणाचे मोजमाप करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

५/२४
आता फोंडाघाट. कणकवली तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. येथून चढणारा घाटरस्ता दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरला जातो. घाटाच्या माथ्यावर गव्यांचे प्रसिद्ध जंगल. पायथ्याशी भातखाचरे, नाचणीचे वरकस, काजूच्या बागा आणि एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर वसलेल्या वाड्या. रानडुक्कर रात्रीत उभे भात लोळवते, साळिंदर कंद उकरते, माकडे दिवसाढवळ्या काजू-केळीवर उतरतात. अशा गावात बंदूक प्रथम येते ती राखणीसाठी, शेताच्या कडेच्या माळ्यावर. दिवाणखान्यात मिरवण्यासाठी नव्हे.

६/२४
ती बंदूक म्हणजे ठासणीची. मोजून दारू नळीच्या तोंडातून ओतायची, वर चिंधी किंवा कागदाचा बोळा, मग गजाने ठासायचे. नंतर छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे. मागे निपलावर केप चढवायची, घोडा ओढायचा. बार एकच. चुकला तर सारी कवायत पहिल्यापासून, तीही अंधारात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा अधिक पाऊस पडतो. ऐन भाताच्या राखणीत दारू सर्दावते आणि केप फुसकी निघते. हे दोष शेतकऱ्याला ठाऊक नाहीत असे समजणे हा शुद्ध अहंकार आहे. ज्याच्या हातात ती बंदूक फसते, त्याच्याइतकी तिची उणीव कोणाला कळणार?

७/२४
तरीही उपहास करणाऱ्यांचा युक्तिवाद नीट मांडला पाहिजे. तो असा : जगभर शस्त्रे सुधारत गेली, तोड्याची बंदूक जाऊन चकमकीची आली, ती जाऊन केपाची, मग मागून भरायची, मग अनेक बारांची. कोकणातला गडी तिसऱ्या पायरीवर थांबला. त्याला नव्याची ओढ नव्हती, कारागिराला कौशल्य नव्हते, समाजाला कुतूहल नव्हते. म्हणून ठासणी हे मागासलेपणाचे स्मारक. युक्तिवाद सुबक आहे. त्यात एकच गोष्ट राहिली : पायऱ्या चढण्याची परवानगी कोणाला होती?

८/२४
मुळात ठासणीतली केप हीच एक सुधारणा आहे, आणि ती शिकाऱ्याच्याच गरजेतून निघाली. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाला पाखरे मारण्याचा नाद. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी दिसताच पाखरू उडून जाई, म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग शोधला. १८०७ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. धातूची केप हे त्याचेच पुढचे रूप. जुन्या चकमकीच्या बंदुकीची पेटवणीची बाजू काढून तेथे निपल बसवणे, ही कारागिराच्या आवाक्यातली दुरुस्ती होती. ती कोकणाने स्वीकारली. म्हणजे नव्याचे वावडे नव्हते. मग पुढच्या पायरीवर काय आडवे आले?

९/२४
आडवे आलेले कारण तंत्राचे नव्हते, राज्याचे होते. सह्याद्रीच्या रानात शस्त्रधारी माणूस काय करू शकतो, हे इंग्रजांनी १८४४-४५ मध्ये अनुभवले होते. कोल्हापुरात गडकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याची धग सावंतवाडीत पसरली. फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे साथीदार मनोहर-मनसंतोष गडाच्या परिसरातून लढले. त्यांना आवरण्यासाठी जेम्स आउट्रमसारखा अधिकारी आणि मोठी फौज पाठवावी लागली. घाटमाथा आणि तळकोकण यांच्यामधले जंगल तोफखान्याला दाद देत नव्हते. त्यानंतर तेरा वर्षांच्या आत १८५७ उजाडले.

१०/२४
१८५७ नंतर घडलेली गोष्ट बंदुकीच्या साजांवर बोलणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. एनफिल्ड रायफलीच्या नळीत आटे असतात. त्यांमुळे गोळी फिरत जाते आणि दूरवर अचूक लागते. हिंदी शिपायांसाठी १८५८ व १८५९ चे जे नमुने काढले, त्यांत हे आटे नव्हते. नळी गुळगुळीत केली होती. मागची उंची बदलता येणारी खाचही गेली आणि तिच्या जागी एक ठरीव खाच आली. गोऱ्या शिपायाच्या हातात रायफल, आणि शेजारच्या हिंदी शिपायाच्या हातात बाहेरून तशीच दिसणारी, आतून पांगळी बंदूक.

११/२४
याला सुधारणा म्हणत नाहीत. ही जाणूनबुजून केलेली अधोगती होती. आणि ती एकदाच झाली नाही. हिंदी फौजेला स्नायडर मिळाली तेव्हा गोरे मार्टिनी-हेन्रीकडे गेले होते. हिंदी फौजेच्या हाती मार्टिनी आली तेव्हा गोऱ्यांकडे.३०३ ची अनेक बारांची रायफल येत होती. एक पिढी मागे ठेवणे हेच धोरण होते. ज्या राज्याने पगारी, कवायती, शपथबद्ध शिपायाच्या नळीतले आटे काढून घेतले, ते फोंड्याच्या शेतकऱ्याला विन्चेस्टर घेऊ देईल, अशी कल्पना तरी करता येते का?

१२/२४
मग १८७८ आले. व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीतल्या या एकाच वर्षात तीन कायदे झाले : देशी वृत्तपत्रांचा, जंगलांचा आणि शस्त्रांचा. शहरी वाचकाला पहिला आठवतो, कारण त्यावर भाषणे झाली. सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाला उरलेले दोन अधिक जाचले. जंगल कायद्याने राखीव रानात शिरणे आणि शिकार करणे नियमांत बांधले. शस्त्र कायद्याने बंदूक परवान्यावाचून बाळगणे गुन्हा ठरवला. म्हणजे डुकराला आश्रय देणारे रान सरकारचे, आणि डुकराला हुसकावणारी बंदूक सरकारच्या मर्जीची. मधले भात तेवढे शेतकऱ्याचे.

१३/२४
या कायद्याचा दंश वर्णभेदात होता. युरोपियनांना नियमांनी सूट होती. हिंदी माणसाला अर्ज, चौकशी आणि साहेबाची खातरजमा. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना, या कायद्यात बदल मागणारा ठराव केला. ही उघड वर्णभेदी सूट हटायला पहिले महायुद्ध संपावे लागले. म्हणजे लिव्हर-ॲक्शनचा सुवर्णकाळ, सुमारे १८७३ ते १९२०, आणि हिंदी माणसाच्या निःशस्त्रीकरणाचा कडक काळ हे जवळजवळ एकमेकांवर बसतात. तुलना करणाऱ्यांनी ही दोन वर्षे शेजारी लिहून पाहावीत.

१४/२४
बंदुकीचा केवळ व्यासही राज्य ठरवत असे. मार्टिनी-हेन्रीची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणण्यावर बंदी आली. लंडनच्या कारखानदारांनी काय केले? त्यांनी .४६५, .४७०, .४७५ असे नवे व्यास काढून साहेब शिकाऱ्यांची सोय लावली. लष्करी .३०३ सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून .३१५ ची शिकारी रायफल पुढे आली. ती पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही बनली. ज्याच्या पाठीशी कारखाना आणि पैसा होता, त्याला कायद्यातून वाट मिळाली. ठासणीवाल्याच्या पाठीशी गावचा लोहार होता.

१५/२४
कोणाला वाटेल, हे सारे जुन्या भीतीचे अवशेष. तर ईशापूरचीच दुसरी वस्तू पाहावी. तेथे ली-एनफिल्ड रायफली पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी बदलल्या गेल्या : आटे काढून नळी .४१० ची गुळगुळीत केली, आणि दहा काडतुसांच्या मॅगझिनच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच बार निघावा. काडतूसही असे, की बाजारातले चालू नये आणि हे दुसरीकडे चालू नये. साजांच्या इतिहासात या लाकडी ठोकळ्याला मानाचे पान मिळाले पाहिजे. वसाहतीत बंदुकीला जोडलेला सर्वांत बोलका सुटा भाग तोच.

१६/२४
फोंडाघाटाच्या माथ्यावर मात्र निराळे जग होते. दाजीपूरचे रान करवीर संस्थानची राखीव शिकारभूमी. कोल्हापूर दरबार शिकारीसाठी ख्यात होता. पाळीव चित्ते सोडून हरणे धरण्याची तिथली परंपरा देशभर माहीत होती, आणि शाहू महाराज स्वतः निष्णात शिकारी होते. हा लोकोत्तर राजा अन्य बाबतींत केवढा मोठा, हे सांगणे नलगे. परंतु व्यवस्था अशी होती, की घाटाच्या वरच्या टोकाला उत्तम रायफली होत्या आणि खालच्या टोकाला, इंग्रजी रत्नागिरी जिल्ह्यात, परवान्याची ठासणी. अंतर एका घाटाचे. ते बुद्धीचे वा कुतूहलाचे मुळीच नव्हते.

१७/२४
स्वातंत्र्याने हे बदलायला हवे होते. १९३१ च्या कराची ठरावात राष्ट्रीय सभेने मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिला होता. राज्यघटनेत तो आला नाही. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमात शेतकऱ्याचा उल्लेख आहे. किमान वीस इंच लांबीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षण किंवा खेळासाठी. आणि पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी तोंडातून भरायची, म्हणजे ठासणीची बंदूक.

१८/२४
हे कलम पुन्हा वाचावे, कारण सारा वाद इथेच मिटतो. ठासणीची बंदूक कोकणात उरली ती आळसाने वा अज्ञानाने नव्हे. स्वतंत्र भारताच्या संसदेने तिचे नाव घेऊन ती शेतकऱ्याला नेमून दिली. जगात मागून भरायच्या बंदुका येऊन शतक उलटले असताना, पीकराखणीच्या परवान्यावर पुढून भरायची बंदूक लिहिली गेली. १८५८ मध्ये शिपायाच्या नळीतले आटे काढले. १९५९ मध्ये शेतकऱ्याला शंभर वर्षांपूर्वीची पायरी दिली. हेतू भिन्न असतील, आणि लोकशाहीचा हेतू वसाहतीच्या हेतूशी जोखू नये. वारसा मात्र तोच आहे.

१९/२४
साजांविषयीही कायदा मौन नाही. बंदुकीचा आवाज किंवा ज्योत कमी करणारे उपकरण, म्हणजे सायलेन्सर, हे या कायद्याच्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्र आहे. शस्त्राचे सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात. नळी कापून आखूड करायची तर सहाव्या कलमाप्रमाणे परवाना हवा. म्हणून परदेशी चित्रफिती पाहून दुरुस्तीची हौस करणाऱ्या तरुणाने जाणावे : तिथे जो रविवारचा छंद आहे, तो इथे फौजदारी खटला होऊ शकतो. आणि ज्या लोहारपुत्राला प्रयोगशील कारागीर म्हणता आले असते, तो इथे आरोपी म्हणून बातमीत येतो.

२०/२४
संस्कृतीच्या नावाने बोलणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. याच सह्याद्रीच्या दक्षिणेला कोडगू जिल्हा आहे. तेथील कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना १८६० च्या दशकापासून परवान्याच्या अटीतून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. पाऊस तोच, डुक्कर तेच, भातखाचरे तीच. तेथे बंदूक सणाचा भाग होते, इथे ती पोलीस ठाण्याच्या नोंदवहीचा. दोन प्रदेशांच्या शौर्यात फरक नाही. दोन शासकीय आदेशांत आहे.

२१/२४
एक सबळ आक्षेप उरतो : कायदा नसता तरी गरीब शेतकऱ्याला रायफल परवडली असती का? बहुधा नसती. काडतूस विकतचे, दारू-छर्रे स्वस्त. फसलेली ठासणी गावात दुरुस्त होते. दारिद्र्य हे कारण खरेच आहे. परंतु त्याने उपहास सिद्ध होत नाही, उलट तो अधिक ओंगळ ठरतो. शिवाय दारिद्र्यानेच सारे ठरत असते तर कायद्याला बंदुकीची जात लिहून देण्याची गरज पडली नसती. ज्याला परवडत नाही त्याला बाजार अडवतो. ज्याला परवडू शकते त्याला अडवण्यासाठी कलम लागते.

२२/२४
आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे. ती म्हणतात, कोकणची शिकारीची परंपरा थोर होती. निर्बंध काढा, रायफली द्या, पारध पुन्हा सुरू होऊ द्या. हा गोंधळही इतिहास न वाचल्याचा. दाजीपूरच्या राजेशाही शिकारभूमीचे १९५८ मध्ये अभयारण्य झाले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि हौसेची शिकार संपली. ती संपणे योग्यच होते. साहेब आणि संस्थानिकांच्या बंदुकांनी रान किती रिते केले याला चित्त्याचा नामशेष हीच साक्ष. राखण आणि शिकार या दोन गोष्टी आहेत. पहिलीच्या दुःखावर दुसरीची हौस भागवू पाहणे ही शेतकऱ्याची फसवणूक आहे.

२३/२४
आणि रायफल हे राखणीचे उत्तर तरी आहे का? छऱ्यांचा मारा तीस-चाळीस मीटरांत ओसरतो. रायफलीची गोळी चुकली तर दोन किलोमीटरहून पुढे जाऊ शकते. जिथे एका वाडीच्या मागल्या दारी दुसरीचे अंगण लागते, तिथे ही लांब पल्ल्याची देणगी शाप ठरेल. खरी वाट १३ व्या कलमाच्या परंतुकातच आहे : ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी खात्री झाल्यास पीकराखणीसाठी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराबाबत वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली लेखी परवानगीची सोय आहे. गव्याला मात्र सर्वोच्च संरक्षण आहे. तिथे कुंपण आणि वेळेवर भरपाई हाच मार्ग. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका जमा करून घेतानाही छाननी व्हावी, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. राखणदाराची बंदूक सरसकट नेली जात असेल, तर प्रश्न तिथे विचारावा.

२४/२४
म्हणून लिव्हर-ॲक्शनचे साज खुशाल अभ्यासावेत. ब्राउनिंगची रचना सुंदर आहे आणि तिचे कौतुक करायला कोणाचा परवाना लागत नाही. पण कोणत्याही बंदुकीचा सुटा भाग हाती घेताना तीन प्रश्न सोबत घ्यावेत : हा बसवण्याची मुभा कोणाला होती, कोणाला नव्हती, आणि ते कोणी ठरवले? हे प्रश्न विचारले की एनफिल्डची गुळगुळीत नळी, ईशापूरचा लाकडी ठोकळा आणि फोंडाघाटच्या माळ्यावर सर्दावलेली ठासणी एकाच इतिहासात दिसू लागतात. त्या माळ्यावर रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला मागास म्हणणाऱ्यांनी आधी १८७८ आणि १९५९ चे कायदे वाचावेत. ठासणी त्याने निवडली नव्हती. ती त्याच्या वाट्याला दिली गेली, आणि तीही सांभाळून त्याने शेत राखले.

(समाप्त)